एक रुपयाचं बेणं

डोंगरकड्यातल्या आमच्या शेतकरी कंपनीत मी कॉम्प्युटरवर बसतो. कंपनी म्हणजे पत्र्याची खोली, सतत रुसणारा प्रिंटर आणि हळद शिजवायचा कुकर. कुकरला मान आहे, मला कुत्रं विचारत नाही.

तर शहरातून ॲप आलं आणि ॲपसोबत साहेब आले. त्यांनी पुस्तिका वाटल्या. ऑनलाइन व्यापाराचं जगभर चालणारं मानक म्हणे! पहिल्याच पानावर व्यवहाराची व्याख्या होती: दोन पक्ष, ठरलेली वस्तू, ठरलेली किंमत, दोघांची संमती आणि नोंद. यातलं एक जरी नसलं तर व्यवहार झालाच नाही. वर्षभरात एकही व्यवहार नसलेला सभासद निष्क्रिय, आणि निष्क्रियाला कुकर नाही.

आणि माझी काकूच निष्क्रिय निघत होती.

काकू एकटीनं दोन एकर हळद करते. वाळवलेली हळद ती वसमतच्या बाजारात नेते, कंपनीत घालत नाही. कुकर मिळाला नाही तर चुलवणावर कढई चढवायची, आणि तिच्या गुडघ्यांनी तर केव्हाच राजीनामा दिलाय.

पण गावातल्या निम्म्या रानात तिचंच बेणं उभं असतं. कंदकुजीनं कुणाची हळद गेली की तो लावणीला काकूकडून बेणं नेतो. त्याचे पैसे आमच्यात कोणी घेत नाही. उद्या तिचं सडलं तर दुसरा देईल. मी साहेबांना विचारलं, "मग ह्याला काय म्हणायचं?"

"किंमत नाही ना? मग ती भेट."

"अहो, तिच्या भरवशावर माणसं लावणी करून राहिले!"

"भरवशाला ॲपमध्ये रकाना नाही," साहेब म्हणाले आणि चहा प्यायले.

मग मी अक्कल चालवली. मी अक्कल चालवली की घरचे देव पाण्यात घालून बसतात, ते उगीच नाही. शेजाऱ्यानं त्या साली काकूचं बेणं नेलं होतं. ते मी विक्री म्हणून टाकलं. किंमत एक रुपया. संमतीचं बटण दोघांच्या वतीनं मीच दाबलं. काकू सक्रिय झाली, तिला कुकरचा नंबर मिळाला आणि मी दोन दिवस छाती काढून हिंडलो.

ॲप मेसेज पाठवतं हे मात्र कोणी बोललं नव्हतं. शेजारी मोबाईल घेऊन काकूच्या अंगणात आला.

"वैनी, रुपया पाहिजे होता तर मला म्हणायचं. मोबाईलला काहून सांगितलं?"

"म्या कवा मागितला रुपया?" काकू म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.

मी सगळं सांगितलं. कुकरसाठी केलं म्हणालो. शेजारी मोबाईल खिशात घालून निघून गेला.

"मला इचारलं काहून न्हाई?" काकू एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हळद कुकरवर शिजली. गुडघे वाचले.

पुढच्या लावणीला शेजारी बेणं न्यायला परत आला. टोपलं खाली ठेवायच्या आधी त्यानं रुपयाचं नाणं ओट्यावर ठेवलं. काकूनं नाण्याला हात लावला नाही. ती आत गेली आणि वजनकाटा घेऊन बाहेर आली.

"बेण्याचा भाव काय चालू हाय रे?" तिनं मला विचारलं.

मी सांगितला.