गाऱ्हाण्याला ओ

दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, उमेदीची वर्षं मुंबईच्या जुन्या प्राणिबागेत माळीकाम करण्यात गेली. लोक वाघ बघायला जायचे, हा माणूस झाडांना पाणी घालायचा. निवृत्त होऊन आमच्या रत्नागिरीकडच्या गावी आले आणि हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसं. गेल्या वर्षी स्वतःचं नावही गेलं. पण नोकरी सोडताना बागेत लावलेलं गोरखचिंचेचं रोप काही विसरेनात. "जगलं काय ता?" रोज तेच. शेवटी आई मला म्हणाली, "एकदा दाखवून आणूया. माझं डोकं तरी खायचे नाय."

गेलो. पेंग्विनच्या रांगेत पाण्याची बाटली काढायला मी दादांचा हात सोडला, तेवढ्यात ते गायब. फाटकावरच्या रखवालदाराने भोंग्यावरून नाव पुकारलं. कपाळ माझं. ज्याला स्वतःचं नाव ठाऊक नाही तो काय ओ देणार? फाटकाबाहेर पडले असते तर त्या मुंबईत ते परत सापडले नसते. ते रोप नेमकं कुठे लावलंय हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तासभर आम्ही हत्ती, हरणं, सगळं पालथं घातलं. मी आईवरच खेकसलो, तुला लक्ष ठेवता येत नव्हतं का. चूक खरी माझी होती.

एका जुन्या वडाखाली आईने वहाणा काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि चक्क गाऱ्हाणं घालायला लागली. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात शिमग्यात, पालखीसमोर, तेही गावचा मानकरी. तो देवाकडे एकेक मागतो आणि सगळा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. बाईमाणूस ते घालत नाही.

"बा देवा म्हाराजा, हितला जो कोण राखणदार असशील त्यानं ऐक. माझा माणूस हरवलाय, तो सुखरूप परत दे रे म्हाराजा."

लोक बघायला लागले. मला लाज वाटली, मी गप्प राहिलो.

बांबूच्या बेटामागून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा."

दादा तिथे उकिडवे बसून त्यांच्या गोरखचिंचेच्या बुडातलं गवत उपटत होते. झाड माणसापेक्षा उंच झालं होतं. माझा जीव भांड्यात पडला आणि मी भर बागेत रडलो. आई मात्र थांबली नाही. गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं.

"काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दादा मान वर न करता म्हणाले.

मग आईने दादांकडे बघत शेवटचं मागितलं. "सगळा इसरला तरी माझी ओळख तेवढी राहू दे रे म्हाराजा."

दादांनी हातातलं गवत खाली ठेवलं आणि मातीचे हात जोडले.

"व्हय म्हाराजा."

या खेपेला मीपण म्हटलं.