देवमनभाऊजींचा लाल पट्टा

आमच्या गावाला पेढी नदीवर पूल नाही, नुसता ठेंगणा रपटा आहे. पाणी चढलं की दोन्ही तोंडांना साखळी लावून वाट बंद करायची, हे काम देवमनभाऊजींचं. माझ्या थोरल्या बहिणीचा, मैनाचा नवरा. सकाळच्या धुक्यात खांबाला टेकून हा माणूस उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पाहतो. "संध्ये, आज पुन्हा पूल पायला. खालून पाणी जाऊन रायलं, वरून मैना येऊन रायली. तिचे पायबी ओले नाई झाले." अस्सा राग येतो मला! पण मग तोच पूल दिवसभर माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही.

बारा वर्षांमागं भाऊजींबरोबर रपटा उतरता उतरता, काठावरच्या विहारापुढंच मैना वाहून गेली. पूर ओसरल्यावर भाऊजींनी विहाराच्या भिंतीवर पाण्याची खूण म्हणून लाल पट्टा मारला, थेट दाराच्या चौकटीच्याही वर. मी तेव्हा बाहेरगावी होते; आल्यावर तो पाहून मी मनाची समजूत घातली. एवढ्या पाण्यात कोण कोणाला धरून ठेवणार?

यंदा नव्या पुलासाठी इंजिनिअर आले. पट्टा पाहून त्यांनी मानच हलवली. "एवढं पाणी येत असेल तर पूल फार उंच लागेल, त्याचा चढ तुमच्या घरांवर येईल. त्यापेक्षा पाच किलोमीटर खाली, फाट्यावर बांधू." झालं! म्हणजे पावसाळ्यात गाव तसंच तुटणार. अन् मी इथली सरपंच!

भाऊजी उठले. भिंतीपाशी उभे राहिले अन् हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"सायेब, पट्टा खोटा हाये. मीच मारला. पाणी इथवरच होतं."

"मंग वर काहून मारला?" मी ओरडलेच.

"छातीभर पाण्यात बायकोचा हात सुटला, हे तुले कोणत्या तोंडानं सांगू, संध्ये?"

गावातल्या म्हाताऱ्यांनी हळूच माना डोलावल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, इतकी वर्षं नुसते गप्प होते. इंजिनिअरनं वहीतला आकडा खोडला. पूल आता गावापाशीच होऊन राहिला आहे.

त्या दिवशी मला राग आला, रडूही आलं. पण ज्या हातातून माझी बहीण सुटली तोच हात मी धरला, अन् घर येईपर्यंत सोडला नाही.