बाही नेहमीच्या रीतीने बसवावी

मार्चमधल्या एका मंगळवारी माझी पत्नी ट्राममध्ये बसली. मार्क्टप्लात्सच्या, तिच्या उतरायच्या थांब्यावर ती उठली नाही. शेजारच्या बाईंनी तिला हाक मारली, खांद्याला हात लावला, मग चालकाला बोलावलं. दुपारी मला ऑफिसात फोन आला. संध्याकाळी मी आणि मुलगी घरी आलो, तेव्हा शिवणयंत्राचा दिवा चालू होता.

त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला अजूनही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. का थांबलं, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी तेच वाक्य पुन्हा, थोडं सावकाश म्हटलं, जणू अडचण माझ्या जर्मनची होती.

आता मे संपत आला आहे. आमच्या कार्ल्सरूहे शहरातल्या रस्त्यांवरचे चेस्टनट फुलून ओसरले. आज दुपारी मी पुस्तक उघडून बसलो होतो आणि आतल्या खोलीतून इस्त्रीखालच्या रेशमाचा वास आला. वाफ लागली की रेशमाला ओल्या केसांसारखा एक वास सुटतो, त्यात किंचित जळकेपणाही असतो. वास आला आणि मी उठलो. बटणं लावायला जायचं म्हणून उठलो. दारापर्यंत पोचलोही. तिथे इस्त्री धरून मुलगी उभी होती. तिनं विचारलं, "वास, बाबा?" 'काय' या अर्थाचा तो जर्मन प्रश्न. मी म्हटलं, काही नाही. मनानं केव्हाच शिकून घेतलेली गोष्ट त्यानं शरीराला अजून कळवलेली नाही, एवढंच.

बटणांचं सांगायला हवं. माझी पत्नी इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायची आणि त्या शांतपणे त्यांना कळवायची. आणि घरी आल्यावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कपडे शिवायची. इंग्लंडात ज्या काळाला एडवर्डियन म्हणतात, त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांतले. उंच गळ्याचे, पुढून किंचित फुगलेले ब्लाउज. कंबरेशी चपखल बसून खाली घंटेसारखे उघडणारे, कळ्याकळ्यांचे लांब स्कर्ट. हे सगळं प्रदर्शनासाठी नव्हतं. ती ते घालून ऑफिसला जायची, भाजी आणायची, पालकसभेला बसायची. स्कर्टला फोन मावेल असा खिसा असायचा. घेर घोट्याच्या वर थांबायचा, म्हणजे सायकलच्या साखळीत अडकणार नाही. कॉर्सेट मात्र तिनं कधी घातला नाही. "पोट आवळून कुणाला बग सापडलेत?" असं म्हणायची.

याची सुरुवात एका फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे रविवारच्या जुन्या बाजारात झाली. एका पेटीत स्त्रियांच्या जुन्या मासिकांतून निघालेले कापडकापणीचे मोठमोठे नकाशे घडी घालून ठेवले होते. मला ते खरोखर नकाशेच वाटले. एकाच कागदावर दहा-बारा कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या, एक तुटक, एक ठिपक्यांची, एक साखळीसारखी. आपल्याला हवी ती रेषा डोळ्यांनी धरून ठेवायची आणि इतर रेषांच्या गर्दीतून तिला पार न्यायची. ती वाकून बघत राहिली आणि मग म्हणाली, "अरे, हे तर आमच्या पणजीचं पोलकं आहे." तिच्या माहेरी पणजीचा एक फोटो आहे. नऊवारी, नाकात नथ, आणि वर उंच गळ्याचं, फुग्याच्या बाह्यांचं, झालर लावलेलं पोलकं. पुण्यातल्या कुठल्याशा शिंप्यानं तेव्हा तेच केलं होतं, जे त्याच वर्षी बर्लिनमधल्या कुणी केलं असेल. फोटोतली पणजी घाबरलेली दिसते, पण बाह्या मात्र ऐटीत आहेत.

त्या नकाशांबरोबरच्या सूचना जुन्या टोकदार जर्मन अक्षरांत छापलेल्या. ती वाचणं हे माझं काम झालं. मी यंत्रांच्या वापरपुस्तिका लिहून पोट भरतो. माझ्या धंद्यात वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं धरून चालायचं असतं. प्लग कुठे, स्क्रू कितीदा फिरवायचा, सगळं लिहायचं. या सूचना अगदी उलट. त्या वाचणारीला सगळंच येतं असं धरून चालतात. शिवणीसाठी जादा कापड सोडा, हेही सांगत नाहीत. आणि जिथे काम खरोखर अवघड होतं, तिथे हमखास एकच वाक्य: बाही नेहमीच्या रीतीने बसवावी. गळपट्टी नेहमीच्या रीतीने लावावी. मी हे वाचलं की तिची कात्री थांबायची. "नेहमीची रीत म्हणजे कुठली? कुणाची नेहमीची?" मग ती उसवायची, पुन्हा जोडायची, पुन्हा उसवायची. मी खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेला असायचो, पुढच्या वाक्यासाठी तिची हाक येईपर्यंत. इतकं चांगलं वाचन मी आयुष्यात दुसरीकडे कुठे केलं नाही.

लोक बोलायचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती दरवर्षी त्याच कपड्यांत, फक्त केसांत गजरा माळून यायची. नेकारसुल्म गावाहून येणारे माझे एक मित्र दारातूनच ओरडायचे, "वहिनी, घोडागाडी कुठे लावलीत?"

"लावली कुठली? ट्राममध्ये घोड्याचं तिकीट काढून आले," ती म्हणायची.

"आणि परत जाताना?"

"परत जाताना तुम्ही ओढा. जेवण फुकट आहे इथलं."

तर बटणं. हे ब्लाउज मागून बंद होतात. मानेपासून कंबरेपर्यंत वाटाण्याहून लहान बटणांची ओळ, आणि त्यांना दोऱ्याचे काज. ज्या बायकांसाठी ते बेतले होते, त्यांच्याकडे बटणं लावायला मोलकरीण असावी. आमच्याकडे मी होतो. रोज सकाळी ब्लाउजला इस्त्री झाली की ती कॉफीचा कप हातात घेऊन पाठमोरी उभी राहायची आणि मी खालून वर बटणं लावत जायचो. आम्ही त्या वेळात फार काही बोलायचो नाही. दूध संपलंय, मुलीचा पेपर आहे, असलंच काहीतरी. शेवटचं बटण मानेवरच्या केसांखाली असायचं. ते लागलं की ती "झालं?" असं विचारायची आणि मी "झालं" म्हणायचो.

त्या मंगळवारीही म्हणालो होतो.

रुग्णालयानं तिचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले. मी ती पिशवी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. पांढरा ब्लाउज पुढून, गळ्यापासून खालपर्यंत, सरळ कापलेला होता. मदतीला आलेल्या माणसांना घाई होती. त्यांनी पुढे बटणं शोधली असतील, ती तिथे नव्हती. मी तिथे असतो तर सांगितलं असतं की मागून उघडतो. सांगून काही उपयोग झाला नसता, हे मला समजावण्यात आलं आहे आणि मला ते समजलंही आहे. मी ब्लाउज उलटा केला. मागची सगळी बटणं लागलेली होती. मी लावली होती तशी, एकही न सुटता. शेवटी मुलीनं येऊन ब्लाउज माझ्या हातातून घेतला.

इथे माणूस गेल्यावर सगळं सावकाश होतं. दहनाला दिवस लागतात, तारीख मिळावी लागते. पुण्याहून दिवसातून कितीदा तरी फोन यायचे आणि प्रत्येक जण विचारायचा, सगळं नेहमीच्या रीतीनं होतंय ना? मी हो म्हणायचो. अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी मला एवढंच सांगितलं की कपडे सुती किंवा रेशमी आणा, बांगड्या नकोत, चपला नकोत. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अंगावर घालताना आम्हाला कपडे मागून उघडावे लागतात. तुम्हाला चालेल ना?"

मी म्हटलं, "तिचे मागूनच उघडतात."

त्यांना ते कळलं नसावं. पण त्यांनी मान हलवली.

माझी आई पुण्यात असते, तिला प्रवास झेपत नाही. तिचं सारखं एकच चाललं होतं. "सवाष्ण गेली रे. हिरव्या साडीशिवाय पाठवायची नाही. डोहाळजेवणाला मी नारायणपेठी घेतलेली, ती आहे ना तिथे? अस्सल रेशीम आहे ते. तीच नेसव." मी कपाटाकडे वळलो, तेव्हा मुलगी मध्ये आली. ती मराठी सगळं समजते, पण एरवी उत्तर जर्मनमध्ये देते. त्या वेळी मात्र मराठीत बोलली. "बाबा, कपाटात बघू नको. साडी तिथे नाहीये. आईने कापली."

साडी शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर होती. आता तिला साडी म्हणता येत नव्हतं. हिरव्या रेशमाच्या कळ्या टिशूच्या कागदाला टाचून ठेवलेल्या. कळी खाली गोलाकार होते आणि साडीचा काठ सरळ असतो, म्हणून तांबडा काठ कापून वेगळा काढलेला, गळपट्टीसाठी आणि मनगटांसाठी. पुढचा भाग शिवून झालेला. दोन बाह्या बेतून ठेवलेल्या. जुलैमध्ये मुलीचा आबीबाल आहे, शाळा संपल्याचा नाचाचा समारंभ. त्याच्यासाठीचा हा पोशाख होता. सूचना मीच वाचल्या होत्या, जानेवारीत. कुणासाठी, हे मला कळू दिलेलं नव्हतं. जी मुलगी पोटात असताना साडी नेसली, तिच्याच मापानं ती कापली होती. मला हे सुचायलाही काही दिवस गेले. तेव्हा मला फक्त कापलेलं दिसत होतं. आधी पांढरं कापलेलं, आता हिरवं कापलेलं.

आईचा व्हिडिओ फोन चालूच होता. मुलीनं तो माझ्याकडून घेतला आणि आजीला सांगितलं.

"कापली?" आई म्हणाली. तिच्या हातातून फोन निसटला असावा, कारण पडद्यावर छताचा पंखा दिसायला लागला. बराच वेळ तो फिरत होता. मग तिचा आवाज आला, पण ती आमच्याशी नाही, सुनेशी बोलत होती. "अगं, मला विचारायचंस तरी. मी नातीला दुसरी घेऊन दिली नसती का? तुझी ती कशाला कापलीस गं?"

"आजी, तिने मला विचारलं होतं," मुलगी म्हणाली. "मी हो म्हटलं. माझ्यामुळे कापली. आता सगळं आईबरोबर जाऊ दे. मला आबीबाल नको, ड्रेस नको, काही नको."

ती टाचण्या काढायला लागली होती. एकेक कळी कागदापासून सुटी करून घडी घालत होती. मी तिला थांबवायला हवं होतं की नाही, मला ठरवता येईना. माझ्या आईला तिची हिरवी साडी हवी होती, मुलीला प्रायश्चित्त हवं होतं, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं ती असती तर तिनं दोघींना हसून एखादा तिसराच मार्ग काढला असता.

"थांब," आई पंख्याआडून म्हणाली. मग तिचा चेहरा पडद्यावर आला, चष्मा नसलेला. "पदर कापलाय?"

मुलीनं शोधलं. पदर घडी करून बाजूला ठेवलेला होता, अख्खा, त्याला कात्री लागलेली नव्हती.

"मग तो घाल तिच्या अंगावर. कापलेलं तुझं आहे. तिनं तुझ्या मापानं कापलंय, ते तिला कसं होईल?"

तसंच केलं. दुसरा पांढरा ब्लाउज, करडा स्कर्ट, आणि वर हिरवा पदर, खांद्यापासून पायांपर्यंत. बटणं मी लावायला मागितली नाहीत. मागची बाजू त्यांनी कशी उघडली, बटणं सोडून की कापून, मला माहीत नाही.

एप्रिलमध्ये एका रविवारी मुलीनं यंत्रावरचं आच्छादन काढलं. "आल्झो," 'चला तर' अशा अर्थानं ती म्हणाली, आईच्याच खुर्चीत बसत. "वाच." मी कागद उलगडला. आम्ही रोज थोडं थोडं करत गेलो. तिचा हात आईसारखा नाही, टाका पुढेमागे होतो, उसवणं जास्त होतं. मागच्या आठवड्यात आम्ही त्या वाक्यापाशी आलो. मी वाचलं, बाही नेहमीच्या रीतीने बसवावी, आणि कात्री थांबली.

"नेहमीची रीत म्हणजे कुठली?" मुलीनं विचारलं. ती हे तिच्या आईचं ऐकून म्हणाली की तिचं तिला सुचलं, मी विचारलं नाही.

आम्ही पुण्याला फोन लावला. माझ्या आईनं हातरुमाल घेतला, सुई ओवली आणि पडद्यासमोर धरून दाखवलं. "बाहीच्या डोक्याला धावदोरा घाल. दोन ओळी. आता ओढ, हळू. चुण्या सगळ्या वर यायला हव्यात, काखेत एकही नको. मधोमध खूण कर, ती खांद्याच्या शिवणीवर. अगं, ओढतेस काय, ती काय पतंगाची दोरी आहे? तुटला ना? परत घाल. रडायचं नाही, परत घालायचा."

त्यांचं तासभर चाललं होतं, आईचं मराठी आणि मुलीचं अर्धं जर्मन. मी कागद मांडीवर ठेवून ऐकत होतो. तो कागद ज्या बाईच्या मापाचा, तिचं माप घेणारे, तिचा आकार रेषेत उतरवणारे, त्या रेषेवरून कापणारे कितीतरी हात केव्हाच गेले. रेषा तेवढी पोचली, आणि जे लिहिलेलं नव्हतं ते कुठून कुठून, पुण्यातल्या एका हातरुमालावरून, आलं. याचं मला समाधान वाटायला हवं. कदाचित पुढे वाटेल. आत्ता इतकंच की इस्त्रीचा वास आला की मी उठतो, आणि दारात पोचल्यावर मला कळतं.

पोशाख खिडकीशी टांगला आहे. तो मागून बंद होतो. बटणं शिवून झाली आहेत. उजवी बाही बसली आहे. डावी राहिली आहे.