वेलिनभाऊंनी गाळलेली ओळ

आमच्या बिल्डिंगमधले वेलिन दोब्रेव सरळ माणूस, इतका सरळ की कधीकधी डोक्यात जायचे. जन्मभर आमच्या रुसे शहराच्या बंदरात क्रेनचं वायरिंग केलं, निवृत्त झाले, बायको गेली, आणि तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर बसले ते बसलेच. मी त्सोन्का, तळमजल्यावर कपडे अल्टर करते. माझं दिवसभर मशीनही चालतं आणि तोंडही. त्यांच्या घरातून मात्र खोकल्याशिवाय आवाज नाही.

ते करत काय होते? तर एका कंपनीनं फार पूर्वी कॉम्प्युटरची स्क्रीन चालवणारी ग्राफिक्स कार्डं विकली. त्या कार्डांचा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कंपनीनं कुलपात ठेवलेला, आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. पुढे जुन्या कार्डांवरून कंपनीनं हात झटकले. इकडे कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सचा गाभा, हे लोक त्याला कर्नल म्हणतात, तो दर दोन-अडीच महिन्यांनी नवा येतो. नवा आला की जुना ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नाही आणि स्क्रीन काळीठिक्कर. मग वेलिनभाऊ दोघांमधला सांधा नव्यानं लिहायचे, स्वतःच्या कार्डावर दहादा तपासायचे आणि इंटरनेटवर ठेवून द्यायचे. ज्याला हवं त्यानं उचलावं. अशी अकरा वर्षं झाली.

"कोण वापरतं हो हे?" मी एकदा विचारलं.

"काय माहीत. सुरुवातीला ईमेलनं पत्रं यायची, अमक्या कार्डावर चालत नाही, तमक्यावर चालत नाही. मी दुरुस्त करत गेलो, तशी पत्रं थांबली."

"मग चांगलंच की! सगळ्यांचं चाललंय."

"नाहीतर सगळ्यांनी जुनी कार्डं भंगारात घातली. दोन्हीत माझी पेटी रिकामीच."

"अहो, माझा कॉम्प्युटर आहे की!"

"तुझा धरत नाही. तो मीच तुझ्या गळ्यात मारलाय."

घ्या! म्हणजे मी माणसात नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी ते खाली आले, चोरी करून आल्यासारखे. म्हणाले, "त्सोन्का, यावेळी मी एक ओळ मुद्दाम गाळली. जो माझं घेईल त्याची स्क्रीन काळी होणार."

माझ्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. "डोकं फिरलंय का तुमचं? लोकांनी काय घोडं मारलंय?"

"जुना कर्नल निवडला की स्क्रीन परत येते, कुणाचं काही बुडणार नाही. पण जो आहे तो ओरडेल तरी. शेवटचं पत्र येऊन तीन वर्षं झाली गं. एक माणूस जरी ओरडला ना, तरी मला पुरे."

मी खाली वाकून टाचण्या वेचायला लागले.

आणि सरळपणा बघा, स्वतःच्या मशीनवरही त्यांनी तेच बिघडलेलं चढवलं. लोकांची स्क्रीन काळी आणि आपली लख्ख, हे बरं नाही म्हणे, म्हणून जुना कर्नलही निवडेनात. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र जुनंच ठेवलं होतं, म्हणून पत्र आलं का बघायला रोज दहा वाजता माझ्या दुकानात. पेटी उघडायची, रिकामी बघायची, पुन्हा उघडायची. मी चीजची खुसखुशीत बनित्सा पुढे करायची, ते अर्धी खायचे आणि उरलेली विसरायचे. चौथ्या दिवशी माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पोटावरून मी काहीतरी बोलले, तर चक्क हसले. सहाव्या दिवशी बायकोची गोष्ट काढली, ती गेल्यापासून पहिल्यांदा. खोटं कशाला सांगू, मला ते दिवस फार आवडले. पत्र न आलेलंच बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं, देव मला क्षमा करो.

नवव्या दिवशी त्यांनी कपाळावर हात मारला. "गाढव आहे मी! काही बिघडलं की माणूस आधी काय करतो? मशीननं नोंदवलेली चूक जशीच्या तशी इंटरनेटवर टाकून शोधतो. माझं मीच दुरुस्त करायचो, मला कधी शोधायची वेळच आली नाही."

त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर ती चूक टाकली. एक चर्चेचं पान उघडलं. त्यांना माहीत असलेली चर्चेची जागा केव्हाच बंद पडली होती आणि ही सगळी मंडळी तिथून उठून इथे येऊन बसली होती. यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वेलिनभाऊ एकेक वाचून मला आपल्या भाषेत सांगू लागले.

"एकतीस जण आहेत, त्सोन्का. एकतीस!" "हा म्हणतो, स्क्रीन काळी, वेलिनच्या हातून चूक झाली का? दुसरा म्हणतो, अकरा वर्षांत पहिलीच."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

ते पुढचं वाचायला लागले आणि हळू झाले. "तिसरा म्हणतो, वय झालं असेल त्यांचं. आयुष्यभर आपल्यासाठी केलं. कुणीही पत्र पाठवून त्यांना लाजवू नका."

त्याखाली सगळ्यांनी होकार दिला होता. मग लिस्बनच्या कुणा इनेशनं गाळलेली ओळ शोधून परत घातली होती. तिनं लिहिलं होतं, यापुढे हे काम मी करत जाईन, त्यांना आता आराम करू द्या. सगळ्यांनी तिचे आभार मानले होते.

मला इतका संताप आला! "लिहा त्यांना! मुद्दाम केलं म्हणून लिहा! म्हातारा कुणाला म्हणतात?"

"काय लिहू? तुम्ही आहात का ते बघायला तुमच्या स्क्रीन काळ्या केल्या, असं?" ते उठले. "चांगली माणसं आहेत गं. फार चांगली माणसं आहेत."

वर जाऊन त्यांनी इनेशचंच घेऊन आपल्या मशीनवर चढवलं आणि त्यांची स्क्रीन सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, साडेदहा वाजले. आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. शेवटी मीच तीन मजले चढून गेले, गुडघे शिव्या देत होते, आणि दार वाजवलं.

दार अर्धंच उघडलं.

"वेलिनभाऊ, चला खाली. माझी स्क्रीन काळी झालीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "इनेशला कळव, त्सोन्का," ते म्हणाले. "ती नीट करते." आणि दार लावून घेतलं.

मी जिन्यातच उभी राहिले. इनेशला काय कळवणार होते मी? माझा कॉम्प्युटर खाली धडधाकट चालू होता.