तुपाचा संशय

मुलीच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी जळगावात रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं. नऊ वर्षांची, काडीसारखी पोर! तूप, साय, शेव, बेकरीचं सगळं बंद. डाळी, भाज्या, भाकरी वाढवा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले. दुर्लक्ष केलं तर तरुणपणीच हृदयाला त्रास होईल, हेही म्हणाले. पाचोऱ्याला घरी येईपर्यंत मी पुरती घाबरले होते. आणि मी घाबरले की मला संशय येतो.

संशय सासूबाईंवर, म्हणजे अक्कांवर. त्यांचा हात तुपाला सढळ. त्यात आम्ही घरी आल्या आल्या त्या म्हणाल्या, "एवढंसं लेकरू, तिले कसानं कोलेस्टेरॉल?" झालं, मी मनात खूणगाठ बांधली. तुपाचा डबा माझ्या कपाटात साड्यांखाली गेला. पोरगी आजीच्या खोलीतून आली की मी तिची बोटं हुंगायची. कधी शेंगदाण्याचा वास यायचा, कधी साबणाचा. साबणाचा आला की जास्तच संशय. हात धुवायला कोणी लावले?

थंडीत शेतावर भरीत पार्टी झाली. वर तेल तरंगणारं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. अक्का पोरीचं ताट उचलून निंबाच्या झाडामागे गेल्या. सापडल्या, म्हणत मी मागोमाग. बघते तर कोणीतरी वाढलेल्या पुऱ्या बाजूला काढून अक्का पदरात बांधून आणलेली ज्वारीची भाकरी तिला चुरून देत होत्या. माणूस शरमला असता. मला वाटलं, मी येताना दिसले म्हणून हे नाटक.

तीन महिन्यांनी आकडा जेमतेम उतरला. दवाखान्यातच माझा तोल गेला. "अक्का, खरं सांगा, काय खाऊ घातलंत तिला?"

"तुनी आन, मी काहीच दिन्हं नही," त्या म्हणाल्या.

डॉक्टर माझ्यावरच चिडले. "त्यांना कशाला बोलता? पथ्य छान पाळलंय, ते चालूच ठेवा. पण नुसत्या खाण्यानं एवढं चढत नाही. हे रक्ताच्या नात्यातून येतं. हिला औषध लागेल का ते ठरवू, आधी आईवडील दोघंही तपासून घ्या."

नवऱ्याचं सगळं ठीक निघालं. माझं मुलीहूनही जास्त. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी. माझे वडील कापसाच्या शेतात उभ्या उभ्या कोसळले होते. छातीत गॅस चढला, असं सगळे म्हणाले, आम्हीही तेच धरून चाललो.

रिपोर्ट घेऊन स्वयंपाकघरात गेले. अक्का वांगी चिरत होत्या, त्यांच्यासमोर बसले. आता माझं माहेर निघणार, मी त्यांच्या जागी असते तर नक्की काढलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुना बाप गया तवय कितला वरीसना व्हता?"

"एक्केचाळीस."

"आनि तू?"

"एकोणचाळीस."

अक्कांनी विळी आडवी केली आणि माझा दंड धरला. "मंग बशी काय ऱ्हायनी? ऊठ. आत्तेच दवाखानामा जाऊत."