भांड्यांच्या पाण्यावरची वेल

पाणी कमी म्हणूनच मी वाईनची द्राक्षं लावली. खायच्या द्राक्षाला पाणी लागतं, वाईनच्या द्राक्षाला तहान लागते. माझी शाळा चौथीपुरती, पण एवढं कळलं. वेली धरल्या, मग ड्रिपचं पाणी हळूहळू तोडलं. तहानलेली मुळी मुरूम फोडून खाली जाते, ओल हुडकते. मणी बारका येतो, पण साखर धरतो.

भावकीतला शेजारी बांधावरून विचारायचा, "दादा, द्राक्षं हायेत का करवंदं?"

"खाऊन बघ. बिया थुकायला तुझ्या रानात जा."

बायकोला ही शेती कधी पटली नाही. "झाडाला उपाशी ठेवून वर गोडी मागताय," म्हणायची. मोरीमागं पहिल्या ओळीतली पहिली वेल होती. तिला ती रोज भांडी घासलेलं पाणी घालायची. चांगलं पाणी कधीच नाही. उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर येतो. प्यायचं पाणी झाडाला घालणं पाप, हा तिचा नेम.

मी ओरडायचो, "अगं, आळशी करतीस तिला. मुळी वरच राहील."

"राहू द्या. आपल्याला लेकरू न्हाई, हिचे तरी लाड करू द्या मला."

मी खुरपं उचलून पुढच्या ओळीला जायचो.

दिवाळीनंतर बायको गेली. माल तिच्यामागं तुटला, गाडीत भरला, गेला. त्याचं मला काही वाटलं नाही. तेव्हा थंडी होती, वेली तग धरून होत्या. चैत्रात छाटणी केली. मोरीचं पाणी तोवर बंदच झालेलं, कारण मी शेजाऱ्याकडं जेवत होतो. साऱ्या रानाला पालवी आली. मोरीमागच्या वेलीला डोळे फुटले, पण पानं उघडायच्या आत वाळली.

शेजारी म्हणाला, "उपटून टाक, दादा. दुसरी लाव."

"तू घरी जा," म्हणालो.

तो गेल्यावर खुरप्यानं बुडाशी उकरलं. वीतभर खाली एकही मुळी नव्हती. सगळ्या वरच्या मातीत, सगळ्या मोरीकडं तोंड करून.

तेव्हापासून घरीच रांधतो. भाकरी कधी जळते, कधी कच्ची राहते. एक ताट, एक तांब्या, एक पातेलं. एवढंच घासून पाणी टाकलं तर वेलीच्या बुडाची माती नुसती काळी होते, आत काही जात नाही. टँकरचा हंडा घालता येईल, कोण बघतंय. पण तिचा नेम मोडवत नाही.

म्हणून जेवण झालं की फळीवरचं तिचं ताट काढतो, तिची वाटी काढतो. स्वच्छच असतात. तरी राख लावून घासतो, आणि ते पाणी पण वेलीला नेऊन घालतो.