पडद्याची मागची बाजू

लालबागला आमच्याच मजल्यावर राहणारे एक काका दर रविवारी जेवून आमच्याकडे सिनेमा बघायला येतात. सिनेमा निम्मा झाला की विचारतात, "मध्यंतर कधी रे?" मी रिमोट शोधेपर्यंत ते गॅलरीत पोचलेले असतात.

मागच्या रविवारी त्यांच्या लहानपणीचा लाडका सिनेमा सापडला. पहिल्याच मारामारीला काका चुळबुळले. "हा तो नव्हे. आमचा हिरो डावखुरा होता."

मग उलगडा झाला. गणपतीत रस्त्यावर पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढची जागा मोठी पोरं अडवायची, म्हणून काका पडद्यामागे बसायचे. तिथून सगळंच उलटं दिसायचं.

काका उठले. बेसिनवरचा आरसा काढून आणला आणि टीव्हीकडे पाठ करून तो गुडघ्यांवर धरला. आरशातल्या हिरोने डाव्या हाताने ठोसा हाणला.

"आत्ता कसं," काका म्हणाले. त्या दिवशी ते मध्यंतरही विसरले.

या रविवारी मी नवा सिनेमा लावला. संपल्यावर विचारलं, "कसा वाटला, काका?"

"बरा वाटतोय," ते बेसिनकडे बघत म्हणाले. "पण मागून बघितल्याशिवाय कसं सांगू?"